घर ते क्लिनिक हे मैल धंद्याचे नव्हेत: ब्रिटनमध्ये सेल्फ-एम्प्लॉइड माणसाचा गाडीखर्च

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई फिजिओथेरपिस्ट आहेत, राहतात मिल्टन कीन्सला. आठवड्यातला एक दिवस लुटनच्या रुग्णालयात नोकरी. मंगळवारी आणि गुरुवारी बेडफर्डच्या एका क्लिनिकमध्ये खोली भाड्यानं घेऊन स्वतःचे पेशंट बघतात. उरलेले दोन दिवस ब्लेचली, वुल्व्हर्टन, ओल्नी, न्यूपोर्ट पॅग्नेल असं फिरत लोकांच्या घरी जाऊन उपचार. गाडी स्वतःची. पेट्रोलच्या पावत्या वर्षभर जपून ठेवल्यात आणि आता 2024-25 चा सेल्फ असेसमेंट रिटर्न, म्हणजे स्वतः हिशेब करून द्यायचं करविवरणपत्र, भरायचा आहे. त्यांचं म्हणणं: मैलाला 45 पेन्स मिळतात असं सगळे सांगतात, मग लुटनची नोकरी सोडून बाकी सगळ्या मैलांचे धंद्याचा खर्च म्हणून लावू का? पेशंटच्या नोंदी मी रात्री घरीच लिहिते, म्हणजे घर हेच माझं ऑफिस झालं ना? आणि या पावत्यांचं काय करू?

पावत्यांपासून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. पुण्या-मुंबईहून आलेल्या बहुतेकांना ही सवय असते. भारतात धंदेवाल्याला किलोमीटरमागे ठरलेला दर नाही. पेट्रोल, दुरुस्ती, विमा, घसारा सगळं खात्यात टाकायचं आणि खासगी वापराचा म्हणून काही हिस्सा वजा करायचा, तोही बऱ्याचदा अंदाजानं. ब्रिटनमध्येही प्रत्यक्ष खर्चाची ती वाट आहेच. पण 2013-14 पासून छोट्या धंद्यांना दुसरी वाट मिळाली: गाडीवर काय खर्च झाला ते विचारायचंच नाही, धंद्यासाठी किती मैल गेलात तेवढं सांगा. कार किंवा व्हॅन असेल तर वर्षातल्या पहिल्या 10,000 मैलांना मैलाला 45 पेन्स, त्यापुढे 25 पेन्स. मोटरसायकलला सरसकट 24 पेन्स. गाडी पेट्रोलची, डिझेलची की विजेची, दर तोच.

या 45 पेन्समध्ये काय येतं ते नीट समजून घ्या, कारण इथं दोनदा लावण्याची चूक फार होते. पेट्रोल, विमा, रोड टॅक्स, सर्व्हिसिंग, टायर, एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी), बिघाड आणि गाडीची किंमत, म्हणजे घसाराही, सगळं त्यात आलं. मैल लावले की यातलं काहीही वेगळं लावता येत नाही. वेगळं लावता येतं ते त्या त्या फेरीपुरतं लागलेलं: पेशंटकडे जाताना भरलेलं पार्किंग, टोल, लंडनमध्ये गेलात तर कंजेशन चार्ज (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचं शुल्क). गाडी हप्त्यावर असेल तर हप्त्यातला व्याजाचा भाग, धंद्याच्या वापराच्या प्रमाणात. पार्किंगचा दंड मात्र कुठल्याच वाटेनं नाही. दंड हा खर्च नव्हे, पेशंट कितीही तातडीचा असला तरी.

आता मुख्य गोष्ट. दर सगळ्यांना पाठ असतो, आणि तो एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्या, पानावर कुणालाही सापडतो. माझ्याकडे येणाऱ्या हिशेबांमध्ये घोटाळा होतो तो दरात नाही, मैलांत होतो. कुठला मैल धंद्याचा आणि कुठला घरून कामावर जाण्याचा, एवढंच ठरवायचं असतं. आणि ते तुम्ही कशासाठी निघालात यावर ठरत नाही. तुमच्या कामाची घडी कशी बसली आहे यावर ठरतं.

कायदा तसा एका ओळीचा आहे. 2005 च्या व्यापारी उत्पन्नाच्या कायद्यातलं कलम 34 म्हणतं की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा. तुम्ही म्हणाल, बेडफर्डला मी पेशंट बघायलाच जाते, सहलीला थोडीच जाते! बरोबर. पण न्यायालयांनी गेल्या सत्तर वर्षांत हे वाक्य असं वाचलंय की घरून कामाच्या जागी जाण्यात एक हेतू कामाचा असतो आणि दुसरा असतो तुम्ही राहायला दुसरीकडे आहात हा. घर कुठं घ्यायचं ही तुमची खासगी निवड. ती निवड निभावण्याचा खर्च धंद्यावर टाकता येत नाही.

1952 चं न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन हे प्रकरण यातलं मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. न्यूसम बॅरिस्टर होते, चेंबर म्हणजे वकिलीचं ऑफिस लंडनच्या लिंकन्स इनमध्ये, घर लंडनबाहेर व्हिप्सनेडला. घरी ग्रंथसंग्रह होता, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ते घरी खरोखरच काम करत. तरीही अपील न्यायालयानं घर ते चेंबरचा प्रवासखर्च नाकारला. घरी काम करणं वेगळं आणि धंद्याचं ठाणं घर असणं वेगळं. रात्री नोंदी लिहिण्याच्या तुमच्या मुद्द्याला उत्तर इथंच मिळतं.

उलट बाजूचं प्रकरण 1971 चं, हॉर्टन विरुद्ध यंग. हॉर्टन ईस्टबर्नचा गवंडी. आज एका बांधकामावर, तीन आठवड्यांनी दुसऱ्या, कामं संपली की तिसऱ्या. हत्यारं घरी, हिशेब घरी, कामाची बोलणी घरी. कायमची अशी दुसरी जागाच नाही. न्यायालयानं मानलं की याच्या धंद्याचं ठाणं त्याचं घर आहे, आणि घरून प्रत्येक बांधकामावर जाण्याचा खर्च मंजूर केला.

तुमच्या आठवड्यात न्यूसम आणि हॉर्टन दोघंही आहेत. मंगळवार-गुरुवार न्यूसमचे, बाकीचे दोन दिवस हॉर्टनचे. म्हणून एकच नियम सगळ्या आठवड्याला लावून चालत नाही, आणि नेमकं तेच लोक करतात.

तुमच्याशी सगळ्यात जवळचं प्रकरण मात्र 2014 चं आहे: समाडियन विरुद्ध एचएमआरसी. डॉ. समाडियन वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ. सरकारी रुग्णालयांत पूर्णवेळ नोकरी, शिवाय दोन खासगी रुग्णालयांत ठरलेल्या वेळी स्वतःची प्रॅक्टिस, आणि काही पेशंटना घरी जाऊन भेटणं. घरी त्यांनी ऑफिस केलं होतं, खासगी कामाचा कागदोपत्री भाग तिथं व्हायचा, आणि ती धंद्याची जागा आहे हे अमान्य झालं नाही. तरीही वरच्या न्यायाधिकरणानं सांगितलं की घरून खासगी रुग्णालयात जाण्याचा खर्च चालणार नाही, कारण तिथली हजेरी नियमित आणि आधीच ठरलेली होती. सरकारी रुग्णालयातून खासगी रुग्णालयात जाण्याचाही नाही, कारण नोकरीची जागा ही त्यांच्या खासगी धंद्याची जागा नव्हती. पेशंटच्या घरी जाण्याचा मात्र चालतो, कारण ते फिरतीचं काम.

आता हे तुमच्या आठवड्यावर ठेवून बघा.

घर ते बेडफर्ड आणि परत: नाही. दर मंगळवार, दर गुरुवार, तीच खोली, भाडेकरार केलेला. याहून नियमित काय असणार? जाऊन-येऊन 35 मैल धरले आणि वर्षात 46 आठवडे काम केलंत, तर हे 3,220 मैल होतात, म्हणजे 1,449 पौंडांचा खर्च, जो तुम्ही लावायच्या बेतात होतात. मूळ दरानं कर भरणाऱ्याच्या हिशेबानं, 20 टक्के कर आणि 6 टक्के नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) धरून, जवळपास 377 पौंड. एका वर्षाचा. असं चार-पाच वर्षं चाललं आणि मग चौकशी आली की करावर व्याज, आणि निष्काळजीपणा ठरला तर कराच्या 30 टक्क्यांपर्यंत दंड.

लुटनहून सरळ बेडफर्डला गेलात, तरी नाही. समाडियनमध्ये नेमकं हेच होतं. घर ते लुटन तर प्रश्नच नाही, ती नोकरीवर जायची वाट आहे.

घरून पेशंटच्या घरी, तिथून दुसऱ्या पेशंटच्या, शेवटी परत घरी: पूर्ण मैल लावा. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यासह. काहीजण भीतीनं पहिला आणि शेवटचा टप्पा सोडून देतात, त्याची गरज नाही. या दोन दिवसांत तुमचं काम खरोखर फिरतीचं आहे.

बेडफर्डच्या क्लिनिकमधून मधेच पेशंटच्या घरी गेलात आणि परत क्लिनिकला आलात: लावा. धंद्याच्या एका जागेहून धंद्यासाठीच दुसऱ्या जागी गेलात.

अवघड दिवस कुठला? गुरुवारी संध्याकाळी बेडफर्डहून घरी येताना वाटेत न्यूपोर्ट पॅग्नेलला एक पेशंट बघितला, तो. लोक म्हणतात, आता हा सगळा प्रवास धंद्याचा झाला. इथं 1978 चं सार्जंट विरुद्ध बार्न्स आठवावं. तो दंतवैद्य घर आणि दवाखाना यांच्या वाटेवर एका प्रयोगशाळेत थांबून कवळ्या द्यायचा-घ्यायचा, आणि म्हणायचा की घर ते प्रयोगशाळा हा घराचा प्रवास असेल, पण प्रयोगशाळा ते दवाखाना तर धंद्याचा आहे. न्यायालयानं मानलं नाही. वाटेत थांबल्यानं घर-दवाखाना या प्रवासाचं स्वरूप बदलत नाही. पेशंटवर उपचार करणं हे कवळ्या उचलण्यापेक्षा खूपच भक्कम काम आहे हे खरं, आणि कुणी वाद घालायचाच म्हटला तर घालता येईल. पण पेशंट रोजच्या रस्त्यावरच असेल तर मी माझ्या अशिलांना ते मैल लावू देत नाही. वाट सोडून ओल्नीला जावं लागलं असेल तर त्या वळशाचे मैल लावतो आणि मैलांच्या वहीत तसं लिहायला सांगतो. काही हिशेबनीस याहून सैल हातानं लावतात. मला अशी बाजू आवडते जी मी चौकशीत सरळ चेहऱ्यानं मांडू शकेन.

एक अफवा इथंच निकालात काढतो. ‘दोन वर्षांपेक्षा कमी काळ एका जागी काम असेल तर तिथं जायचा प्रवास चालतो’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, बहुधा आयटीतला मित्र. तो 24 महिन्यांचा नियम नोकरदारांसाठी आहे, स्वतःच्या कंपनीतून काम करणारे कॉन्ट्रॅक्टर त्यात येतात कारण कायद्यानं ते आपल्याच कंपनीचे नोकर असतात. तुम्ही सेल्फ-एम्प्लॉइड आहात. तुम्हाला तो नियम नाही, ना फायद्याचा ना तोट्याचा.

रात्री घरी नोंदी लिहिता त्याचं काहीच मिळत नाही असं नाही. महिन्याला किमान 25 तास घरून धंद्याचं काम होत असेल तर ठरलेल्या दरानं घराचा खर्च लावता येतो: 25 ते 50 तासांना महिन्याला 10 पौंड, 51 ते 100 तासांना 18, त्यापुढे 26. रक्कम किरकोळ, पण हक्काची. फक्त त्यामुळे बेडफर्डचा रस्ता धंद्याचा होत नाही.

आता मैल लावायचे की प्रत्यक्ष खर्च? समजा बेडफर्ड आणि लुटन काढून टाकल्यावर तुमचे धंद्याचे 5,200 मैल उरले आणि गाडी वर्षभरात एकूण 13,000 मैल फिरली. मैलांच्या दरानं 2,340 पौंड. प्रत्यक्ष खर्चानं बघू: पेट्रोल 2,050, विमा 720, सर्व्हिसिंग-टायर-एमओटी 540, रोड टॅक्स 190, एकूण 3,500 पौंड. धंद्याचा वापर 40 टक्के, म्हणजे 1,400. शिवाय गाडीच्या किमतीवर भांडवली सवलत, म्हणजे घसाऱ्याच्या जागी मिळणारी वजावट: 9,000 ची जुनी पेट्रोल कार, किलोमीटरला 50 ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारी, म्हणून वर्षाला 6 टक्के, 540 पौंड, त्याचे 40 टक्के 216. सगळं मिळून 1,616. मैलांची वाट 724 पौंडांनी सरस.

साधारण गाडी, मध्यम फिरणं असेल तर बहुतेकदा हेच दिसतं. उलटं कधी होतं? गाडी जवळजवळ पूर्ण धंद्यासाठीच असेल आणि मैल 10,000 च्या बरेच पुढे जात असतील तेव्हा. 14,000 मैलांना 5,500 पौंड मिळतात. विमा महाग, गाडी महाग, दुरुस्त्या मोठ्या असतील तर प्रत्यक्ष खर्च पुढे जाऊ शकतो. नवी कोरी विजेची कार घेतली असेल तर नक्की थांबून आकडेमोड करा, कारण तिच्यावर पहिल्याच वर्षी पूर्ण किमतीची, म्हणजे धंद्याच्या वापराच्या हिश्शाइतकी, सवलत मिळते.

थांबून आकडेमोड करा असं म्हणतो त्याला कारण आहे. एखाद्या गाडीवर एकदा मैलांचा दर लावला की ती गाडी धंद्यात असेपर्यंत तोच चालवावा लागतो. यंदा मैल, पुढल्या वर्षी इंजिन गेलं म्हणून पावत्या, असं करता येत नाही. उलटही तसंच: गाडीवर भांडवली सवलत आधी घेतली असेल, किंवा व्हॅनची किंमत रोखीच्या हिशेबात (पैसे येतील-जातील तेव्हाच नोंद) खर्च म्हणून टाकली असेल, तर त्या गाडीला मैलांचा दर नाही. गाडी बदलली की मात्र निवड पुन्हा मोकळी. म्हणून गेल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये काय केलं होतंत ते आधी काढून बघा. काळी टॅक्सी आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांची दुहेरी पेडलची गाडी यांना हा दर नाही. लिमिटेड कंपनी काढलीत तर ही योजनाच लागू नाही, तिथं नियम वेगळे.

या 2,340 पौंडांबद्दल एक गैरसमज फार दिसतो. हे पैसे सरकार तुम्हाला देत नाही. ते नफ्यातून वजा होतात. मूळ दराचा कर 20 टक्के आणि 2024-25 चा चौथ्या वर्गाचा, म्हणजे सेल्फ-एम्प्लॉइड लोकांचा, नॅशनल इन्शुरन्स 6 टक्के, म्हणजे हातात उरतात 608 पौंडांच्या आसपास. 40 टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर नॅशनल इन्शुरन्स 2 टक्के, म्हणून एकूण 42. फिरतीचे पेशंट घ्यायचे की नाही हे ठरवताना हा आकडा डोक्यात ठेवा. ओल्नीच्या एका पेशंटसाठी गाडी काढताना ‘45 पेन्स तर मिळतातच’ असं म्हणणं महागात पडतं.

तुमची खासगी प्रॅक्टिस नुकतीच सुरू झाली असेल आणि वर्षाची एकूण जमा फारच थोडी असेल, तर 1,000 पौंडांची ट्रेडिंग अलाउन्स, म्हणजे जमेतून सरसकट वजा होणारी सूट, आहे. ती घेतली तर दुसरा कुठलाही खर्च लावता येत नाही, मैलसुद्धा नाहीत. खर्च हजाराच्या वर असेल तर ती घेऊ नका.

राहिली वही. प्रत्येक फेरीला तारीख, कुठून कुठे, कशासाठी आणि किती मैल, एवढं हवं. पोस्टकोड लिहिला की पत्ता लिहायची गरज नाही. पेशंटचं नाव लिहू नका, त्यांचा क्रमांक किंवा आद्याक्षरं पुरेत; चौकशीत ही वही दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते. कागदी वही, एक्सेल, फोनवरचं ॲप, काहीही चालतं. यंदाची वही ठेवली नसेल तर अपॉइंटमेंटच्या डायरीवरून आणि नकाशावरच्या अंतरांवरून आता नीट बसून तयार करा, आणि ती नंतर तयार केली आहे हे लपवू नका. अंदाजानं ‘5,000 मैल’ असा गोल आकडा टाकू नका. तुमच्या गाडीची एमओटीची नोंद, त्यात मीटरवरचे मैलही, नंबरप्लेट टाकून कुणालाही इंटरनेटवर बघता येते. धंद्याचे 11,000 मैल आणि मीटरवर वर्षात वाढलेले 9,000, असा रिटर्न मी स्वतः पाहिला आहे. त्या गृहस्थांना काय उत्तर द्यायचं ते शेवटपर्यंत सुचलं नाही.

पेट्रोलच्या पावत्या फेकू नका. मैल लावलेत तर त्यांची करासाठी गरज नाही, पण गाडी खरंच चालत होती याला त्या आधार असतात. पार्किंगच्या मात्र जपाच, त्या वेगळ्या लावायच्या आहेत. 2024-25 च्या नोंदी 31 जानेवारी 2031 पर्यंत ठेवाव्या लागतात.

आधीच्या वर्षी बेडफर्डचे मैल लावून बसला असाल तर 2023-24 चा रिटर्न ऑनलाइन दुरुस्त करायची मुदत 31 जानेवारी 2026. मुदत संपलेल्या वर्षांसाठी एचएमआरसीला स्वतःहून कळवावं. आपण आधी सांगितलं की दंड बराच कमी होतो, कधी शून्यही. उलट, फिरतीच्या पेशंटचे मैल लावायचे राहिले असतील तर कर-वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत जादा भरलेला कर मागता येतो.

एप्रिल 2026 पासून मेकिंग टॅक्स डिजिटल हा नियम लागू. प्रॅक्टिसची आणि घरभाड्याची मिळून एकूण जमा, खर्च वजा करण्याआधीची, 50,000 पौंडांच्या वर असेल तर हिशेब सॉफ्टवेअरमध्ये ठेवून दर तिमाहीला पाठवावा लागेल. 2027 मध्ये ही मर्यादा 30,000 आणि 2028 मध्ये 20,000 होणार आहे. लुटनचा पगार यात धरत नाहीत.

शेवटचं, कराबाहेरचं पण याहून तातडीचं: गाडीच्या विम्याचा कागद काढून बघा. घरगुती वापर आणि कामावर जाणं-येणं एवढंच त्यात असेल, तर पेशंटच्या घरी जाताना झालेल्या अपघाताला कंपनी हात वर करू शकते. धंद्याच्या वापराची नोंद करून घ्या. त्याचा वाढीव हप्ता मात्र 45 पेन्समध्येच आला, तो वेगळा लावायचा नाही.